डावी बाजू आखूड

दुमिंग मास्तर गेले तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी मीच दिली. चार ओळींची. सैन्यातून निवृत्त झालेले बँडमास्तर, नंदाखालचे रहिवासी, किल्ट घालून बॅगपाइप वाजवणाऱ्या बँडचे संस्थापक. छापून आली तेव्हा 'किल्ट'च्या जागी 'पारंपरिक पोशाख' झालं होतं. कोणाच्या परंपरेतला, हे डेस्कवर कुणी विचारलं नव्हतं. मास्तर हयात असते तर पेपरची घडी हातात धरून सकाळीच माझ्या दारात उभे राहिले असते आणि म्हणाले असते, "पूर्ण लिही."

बातमीत आणखी एक गोष्ट आली नाही. आठ माणसांचा बँड उभा करणाऱ्या या माणसाच्या अंत्ययात्रेत एकच पाइप वाजला. बाकीचे सहा जण आले होते. साध्या पँटीत, हात पुढे बांधून, मागच्या रांगेत उभे होते. का, ते सांगायला चार ओळी पुरत नाहीत.

मास्तर रागीट होते असं गावात सगळे सांगतात, आणि सांगताना हसतात. रागीट म्हातारा ही गावाची करमणूक असते. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. मधे एक पायवाट आणि केळींची रांग. त्यांचा राग मी रोज ऐकला आहे. तो आरडाओरडा नव्हता. वाडीतल्या विहिरी उपसून पाणी नेणारा टँकर दिसला की मास्तर तो अडवीत, पण ड्रायव्हरला एक शब्द बोलत नसत. त्याच्याकडून मालकाचं नाव घेत, सायकल काढीत आणि मालकाच्या दारात जाऊन ओरडत. चर्चच्या सणाच्या जेवणाला एक मोठा पाहुणा रांग मोडून पुढे गेला, तेव्हा मास्तरांनी त्याला भरल्या ताटासकट दंडाला धरून मागे आणलं आणि शेवटच्या म्हातारीच्या मागे उभं केलं. वाढपी पोरांना ते काही बोलले नाहीत. "राग पत्त्यावर पोचवायचा," ते म्हणत. "चुकीच्या पत्त्यावर गेला तर ती नुसती शिवी."

दुसरं त्यांचं वाक्य 'पूर्ण बोल.' समोरच्याने वाक्य अर्धवट सोडलं की ते हे म्हणत. "बघू, जमलं तर..." म्हणणाऱ्याला पूर्ण बोल. "तुम्हाला तर माहीतच आहे की..." म्हणणाऱ्याला पूर्ण बोल. बॅगपाइपची पिशवी अर्धी भरली तर सूर रडतो, तसंच माणसाचं, असं त्यांचं मत होतं. पिशवीला तीन लांब नळ्या असतात. वर बोटांनी काहीही वाजवा, लग्नाचं गाणं वाजवा की अंत्ययात्रेचं, त्या तीन नळ्या खाली एकच सूर धरून राहतात. मास्तरांचा राग तसा होता. हसत असले तरी खाली तो चालू असे.

घरी बायकोशी, मार्तीनबाईंशी, ते आमच्या गावच्या बोलीत बोलत. बँडमध्ये चार गावांचे लोक, म्हणून तिथे सरळ मराठी. आणि चूक दाखवायची असली की सैन्यातली हिंदी. "कदम देखो" एवढं ऐकलं की बाकीच्या सातही जणांच्या टाचा जुळत.

बँडला किल्ट असलाच पाहिजे, हा हट्ट त्यांचाच. सैन्यात त्यांनी तो घालून पाइप वाजवला होता. गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या घातलेला, चौकड्यांचा पोशाख, पुढे लटकणारा बटवा, पायात लांब मोजे. इथल्या वाद्यवाल्यांच्या लाल कोटांचा त्यांना तिटकारा होता. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात चौकड्यांच्या कापडाचा पडून राहिलेला तागा त्यांना मिळाला. हिरव्यावर निळी चौकट, मधून पांढरी रेघ. मास्तरांनी तो नालासोपाऱ्याच्या शिंप्याकडे टाकला आणि स्वतः समोर बसून आठ किल्टच्या चुण्या घालून घेतल्या.

पहिला कार्यक्रम एका चर्चच्या सणाला होता. मिरवणूक निघाली. रस्त्याच्या कडेला शाळेतून थेट आलेल्या मुलींचा घोळका उभा होता. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "अगं, हा तर आपला स्कर्ट." मी तिच्या मागेच उभा होतो. तिच्या अंगावर हिरव्यावर निळी चौकट होती, मधून पांढरी रेघ. पडून राहिलेला तागा त्या मुलींच्या शाळेच्या गणवेशाचा होता.

मुली हसल्या, ते ठीक. पण पुढच्या नाक्यावर पोरं उभी होती. "आठवीचा वर्ग आला रे." "ए बाई, वेणी कुठंय?" मिरवणूक चर्चपर्यंत पोचेस्तोवर हे रस्ताभर चाललं. मास्तर सगळ्यांत पुढे होते. त्यांचा सूर हलला नाही. मागच्यांचा हलला.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर सगळे बसले. मोठा ढोल वाजवणारा जगू अर्नाळ्याचा, मच्छीमार, सहा फुटांचा गडी. तो म्हणाला, "मास्तर, कापड बदला. नाय तर दुसरा कोन तरी बघा."

"कापडाने काय केलं?" मास्तर म्हणाले. "शाळेतल्या पोरी रोज घालतात ते कापड. त्यात लाज कसली?"

"तुमाला नाय वाटत. आमाला वाटते. अख्ख्या अर्नाळ्यात माझा फोटो फिरला."

"पोरीसारखा दिसलास त्याची लाज, की त्या पोरांना तू काही बोलला नाहीस त्याची?"

मास्तरांनी समोरच्या सातही चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सैन्यातल्या सवयीने त्यांनी सगळ्यांना गुळगुळीत दाढी करायला लावली होती. स्वतःची तर ते रोज पहाटे थंड पाण्याने करीत.

"कापड बदलणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तोंड बदला. दाढ्या वाढवा. वाढेपर्यंत कार्यक्रम घ्यायचा नाही."

हा उपाय त्यांना स्वतःला पटला नव्हता. माणसं टिकावीत म्हणून त्यांनी तो काढला. पण एकदा काढल्यावर त्यांनी दाढीलाही कवायत लावली.

दाढी वाढवणं म्हणजे वस्तरा न लावणं, असा बाकीच्यांचा समज होता. मास्तरांनी तो पहिल्याच पंधरवड्यात मोडला. दर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर हजेरी. रिठ्याच्या पाण्याने दाढी धुवायची, घरच्या नारळांचं खोबरेल बोटांनी मुळापर्यंत चोळायचं, मग शिंगाची फणी. आमच्या दमट हवेत वाढती दाढी खाजते. सुरुवातीच्या दिवसांत आठही जण हनुवट्या खाजवीत ओट्यावर बसलेले असत, आणि मार्तीनबाई आत जाता-येता म्हणत, "लोक कोंबड्या पाळतात. आमच्यांनी आठ बोकड बांधलेत."

कात्री मास्तरांची. ती एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे, सोबत फणी, तेलाची बाटली, फडकं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पाइपवाल्यांच्या मिशा वरच्या ओठाची कड दिसेल अशा कापायच्या, कारण फुंकायच्या नळीभोवती केस आले की हवा गळते. ढोलवाल्यांची दाढी दोन्हीकडे सारखी. जगूची सगळ्यांत घनदाट. ढोलाच्या कडीत अडकते म्हणून त्याने ती वाजवताना रबर लावून बांधायची. आणि पाइपवाल्यांची डावी बाजू उजवीपेक्षा आखूड, कारण पिशवी डाव्या काखेत धरतात, लांब नळ्या डाव्या खांद्यावर टेकतात, आणि त्यांना बांधलेल्या गोंड्यांच्या दोऱ्यांत त्या बाजूचे केस गुंततात. समोरून पाहिलं तर दाढी किंचित वाकडी दिसे. "पाइपवाला लांबून ओळखू आला पाहिजे," मास्तर म्हणत.

या शनिवारांत सगळ्यांत जास्त चिडवला जाई तो सलीम. गोखिवऱ्याला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. मास्तरांच्या पाइपची फुंकायची नळी तडकली होती, ती त्याने नायलॉनची करून दिली. द्यायला आला तेव्हा बरोबर बसली की नाही ते पाहायला त्याने ती फुंकली, आणि मास्तरांनी त्याला जाऊ दिलं नाही. सलीमला आयुष्यात कधी दाढी नव्हती. त्याचा बापही दाढी न ठेवणारा. पहिले काही आठवडे हनुवटीवर तेवढे चार केस आले. जगू म्हणे, "सलीमभाई, खत टाका." सलीम म्हणे, "अरे बाबा, घरात अम्मी विचारते, तू अचानक नमाजी कसा झालास? मी बोललो, अम्मी, मी नमाजी नाही झालो, मी स्कर्ट घालतो म्हणून दाढी आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही." ओट्यावर सगळे हसले. मास्तरही हसले. ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे ज्यांना सलीमची दाढी दिसली त्यांना ती कशी आली हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

दाढ्या आल्या आणि बँड चालला. वसई-विरारमध्ये लग्नं कमी नाहीत. नव्या इमारतींतल्या वराती, जुन्या गावांतले सण, दुकानांची उद्घाटनं. हिरवे किल्ट, सात काळ्या दाढ्या आणि पुढे मास्तरांची पांढरी, हे लोकांना आवडलं. स्कर्ट कुणी म्हणेनासं झालं.

मग जगूचे वडील वारले. दहाव्याला त्याने डोकं, दाढी, मिशी, सगळं उतरवलं. दोन दिवसांनी तो मास्तरांकडे आला. डोक्यावर टोपी, तोंडावर रुमाल.

"रविवारी आगाशीच्या लग्नाला मी नाय येत, मास्तर."

"सुतक संपलं ना?"

"सुतकाचं नाय."

"मग कशाचं? पूर्ण बोल."

जगूने रुमाल काढला. खालचा चेहरा वर्षभर उन्हाविना राहिलेला, फिकट. "असा उभा राहिलो तर परत बाई म्हनतील. बाप गेलाय. आता मी कुनाला तरी मारीन."

मास्तर उठले, आत गेले आणि डबा घेऊन आले. त्यातून त्यांनी कात्री काढली नाही. सैन्यातला वस्तरा काढला. खुर्ची ओट्याच्या कडेला ओढली, तिच्यावर स्वतः बसले आणि वस्तरा जगूच्या हातात दिला. पांढरी, छातीपर्यंत आलेली, आगाशीपासून अर्नाळ्यापर्यंत ओळखीची झालेली ती दाढी जगूने उतरवली. शनिवारी बाकीचे आले. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सलीम दुसरा बसला. चार केसांपासून जोपासलेली त्याची दाढी तेव्हा कुठे भरली होती.

रविवारी आठ गुळगुळीत माणसं किल्ट घालून आगाशीच्या वरातीपुढे उभी राहिली. नवऱ्याच्या मित्रांपैकी एकाने ते म्हटलंच. "बायका आल्या." मास्तरांनी पिशवी पूर्ण भरली, वाजवायला सुरुवात केली आणि वरात सोडून सरळ त्या मुलापुढे जाऊन एका हाताच्या अंतरावर थांबले. मागे सगळा बँड. मुलगा दोन पावलं मागे गेला, मास्तर दोन पावलं पुढे. तो मांडवात शिरला, बँड मांडवात. तो मोटारींच्या रांगेकडे गेला, बँड तिकडे. शेवटी तो आपल्या गाडीत काचा वर करून बसला, आणि मास्तर बॉनेटपाशी उभे राहून अख्खं गाणं वाजवून मगच वरातीकडे वळले. घोड्यावरचा नवरा तोवर थांबला होता. लोक म्हणाले, म्हातारा भारी आहे. मला त्या वेळी त्यांचे डोळे दिसले. ते भारी वगैरे नव्हते. त्यांना त्या मुलाला मारायचं होतं, आणि ते फुंकत होते.

दाढ्या परत आल्या. जगूचीही आली.

आता कळंबचं. तिथल्या एका रिसॉर्टवर मोठं लग्न होतं आणि ते सगळं एका इव्हेंट कंपनीकडे होतं. कंपनीने हंगामभराची कामं देऊ केली होती. बँडमधल्या बहुतेकांना ती हवी होती, आणि त्यात गैर काही नव्हतं. गेटवर द्यायला म्हणून कंपनीने आठ जणांची नावं मागवून घेतली. दोन दिवस आधी कंपनीचा मॅनेजर नंदाखालला आला. तिशीतला, नम्र, पायातले बूट ओट्याखाली काढून वर आलेला. मी माझ्या अंगणात होतो. पायवाटेच्या पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, बँड एकदम क्लास आहे. एक छोटी गोष्ट होती. ते सलीम म्हणून आहेत ना तुमच्यात..."

"आहे."

"त्यांना जरा दाढी काढायला सांगता का? म्हणजे त्या दिवसापुरती."

"सगळ्यांना दाढ्या आहेत."

"हो हो, बाकीच्यांचं काही नाही. क्लायंटच्या घरचे थोडे... म्हणजे तुम्हाला कळतंय ना."

"नाही कळत. पूर्ण बोल."

"मास्तर, मी माझं नाही म्हणत. हल्ली वातावरण..."

"पूर्ण बोल."

मॅनेजर हसला. मग हसणं थांबवून त्याने पूर्ण वाक्य बोलून दाखवलं. ते मी इथे लिहीत नाही. ते वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि बहुतेकांनी अर्धवट ऐकलेलं आहे, कारण ते पूर्ण बोलायची वेळ सहसा कुणी आणत नाही.

मास्तर म्हणाले, "आता हेच क्लायंटला माझ्यासमोर बोलायला सांग. तोपर्यंत बँड जसा आहे तसा येईल, नाही तर येणार नाही."

मॅनेजर मान डोलवून गेला. मास्तरांना वाटलं, राग पत्त्यावर पोचला. पण मॅनेजरने वाटेत जगूला फोन केला, आणि ते वाक्य, अर्धवट, जगूकडून सलीमला कळलं.

कळंबला मोठा ढोल माझ्या गाडीतून नेला, म्हणून मी तिथे होतो. रिसॉर्टच्या मागे सुरूच्या झाडांखाली सगळे कपडे करत होते. सलीम शेवटी आला. दाढी नव्हती. हनुवटीवर वस्तऱ्याची एक ताजी जखम होती. तो हसत होता.

"कोणाला विचारून?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, घरची खेती आहे. महिन्यात परत येईल. एवढ्यासाठी सगळ्यांचं काम कशाला घालवायचं?"

"मी विचारलं, कोणाला विचारून?"

"जगूदादाच्या वेळी तुम्हीच सगळ्यांची उतरवली ना? तसंच समजा."

"जगूचा बाप मेला होता. तुझं कोण मेलं?"

सलीमचं हसू गेलं. मास्तरांनी तिथेच थांबून पाइप खांद्यावर घेतला असता, तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांच्या आत दोन दिवस जे भरलेलं होतं, ते तिथे, त्या झाडाखाली, समोर असलेल्या माणसावर फुटलं.

"असलं बायकी तोंड घेऊन माझ्या रांगेत उभा राहू नको," ते म्हणाले.

शब्द सगळ्यांनी ऐकला. ज्या शब्दापायी आठ माणसांनी दाढ्या वाढवल्या होत्या, तो शब्द. त्यात लाज कसली, असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांच्याच तोंडून.

सलीमने पाइपची पेटी खाली ठेवली. किल्टवरचा बटवा सोडला, तो पेटीवर ठेवला. झाडामागे जाऊन पँट चढवली, किल्टची नीट चुण्यांवर घडी घातली आणि तीही पेटीवर ठेवली. मग मोटरसायकल सुरू करून निघून गेला. कुणी त्याला थांबवलं नाही. थांबवायचं काम एकाच माणसाचं होतं.

मास्तर वळले. मॅनेजर पाहुण्यांच्या घाईत तिकडेच येत होता. मास्तर त्याला म्हणाले, "बँड नाही." मग बँडकडे पाहून त्यांनी "चलो" म्हटलं. कुणी हललं नाही.

"मास्तर, तारीख घेतलीय," जगू म्हणाला. "शब्द दिलाय त्यांना."

"तुझ्यासाठी सलीमने दाढी उतरवली होती."

"आमी पन उतरवली होती. मी विसरलो नाय." जगू ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवत होता. "पन घर चालवायचंय, मास्तर."

सहा जण राहिले. मी त्यांना दोष देत नाही, नोंद करतो. मास्तर सलीमची पेटी एका हातात आणि स्वतःची दुसऱ्या हातात घेऊन, किल्टमध्येच, माझ्या गाडीत येऊन बसले. मागे रिसॉर्टवर दोन पाइप कमी असलेला बँड वाजत होता आणि पाहुण्यांना फरक कळत नव्हता.

ते सहा जण आता कंपनीकडे असतात. पुढच्या हंगामात कंपनीने त्यांना दाढ्या काढायला लावल्या आणि 'स्कॉटिश थीम' म्हणून नकली, तांबड्या दाढ्या आणल्या. कानामागे इलॅस्टिकने अडकवायच्या. त्या दाढीला कुणी नाव विचारत नाही.

क्लायंटला मी त्या लग्नानंतर बातमीसाठी फोन केला होता. त्यांनी असं काही म्हटलंच नसल्याचं सांगितलं. मॅनेजरने कंपनी सर्व कलाकारांचा आदर करते असं सांगितलं. सलीमने काही घडलंच नाही असं सांगितलं. तीन नकारांवर बातमी उभी राहत नाही. ती आली नाही.

मास्तर सलीमला फोन करत राहिले. तो उचलत नव्हता. गुडघे गेल्यामुळे त्यांना सायकल जमेनाशी झाली होती, म्हणून एका शनिवारी ते पायवाट ओलांडून माझ्याकडे आले. "गोखिवऱ्याला सोड," म्हणाले. सलीमची पेटी त्यांनी गाडीत मागच्या सीटवर ठेवली.

सलीमने त्यांना पाहिलं आणि लेथ बंद केला नाही. पोऱ्याला चहा सांगितला. बाहेरच्या बाकावर मास्तरांनी चहा घेतला, बसले, आणि वर्कशॉप बंद व्हायच्या वेळी उठले. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. परतताना गाडीत ते टँकरवर रागावत, खड्ड्यांवर रागावत, माझ्या गिअर बदलण्यावर रागावत. पेटी मागे तशीच असे. ती ते आत नेत नसत आणि घरीही उतरवीत नसत.

सलीम त्यांच्याशी बोलत नव्हता, पण त्याने दाढी करणं सोडलं होतं. ते आम्हाला दर शनिवारी थोडं थोडं दिसत होतं. आता ती चार केसांची नव्हती. दोन बोटं वाढली, गालांवर पसरली, कडा अस्ताव्यस्त झाल्या. मास्तर बाकावरून तिकडे बघत आणि नजर वळवीत.

मी त्यांना शेवटचं धड पाहिलं ते अशाच एका शनिवारी. त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. त्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांच्या काखेत बिस्किटांचा डबा होता. सलीमने तो पाहिला. लेथ बंद केला, हात पुसले, एक स्टूल शटरबाहेर उजेडात आणून ठेवलं आणि त्यावर बसला. मास्तरांनी फडकं त्याच्या गळ्याशी खोचलं. तेल लावलं, फणी फिरवली. चष्मा नाकावर ओढून कात्री चालवायला लागले. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, शेजारच्या गाळ्यात प्रेस आपटत होता.

"त्या दिवशी मी..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

सलीमची हनुवटी वर होती, मान हलवता येत नव्हती. "पूर्ण बोला, मास्तर," तो म्हणाला.

कात्री थांबली. "त्या दिवशी मी चुकीच्या माणसावर ओरडलो, आणि जो शब्द वापरला तो माझ्या तोंडात यायला नको होता." हे त्यांनी रागानेच म्हटलं. "आता हलू नको."

काम संपल्यावर त्यांनी फडकं झटकलं. मोटरसायकलचा आरसा जवळच होता. सलीम वाकला, उजवा गाल पाहिला, डावा पाहिला. डावी बाजू आखूड होती. त्याने तिच्यावरून दोनदा बोटं फिरवली. मग तो माझ्या गाडीपाशी आला, मागचं दार उघडलं, पेटी उचलली आणि आत वर्कशॉपमध्ये घेऊन गेला.

गाडीचं दार अर्धवट लागलं होतं.

"दार पूर्ण लाव," मास्तर त्याच्या पाठीमागे ओरडले.